पाणी उत्तर देते : घनता, प्लावक बल आणि दाब यांचे कृतियुक्त अध्यापन

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीकाठचे नगर तेथील देवालयांसाठी आणि बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वासाठी सर्वश्रुत आहे. मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथील गादीवर भोसले घराणे राहिले. कुंभकोणम त्याच मुलखातले. आजही त्या प्रदेशात घरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. मात्र विज्ञानाच्या अध्यापनाशी या गावाचा जो संबंध आहे, तो राजवाड्यातून आलेला नाही. तो कॉफीच्या पेल्यातून आलेला आहे.

तमिळनाडूतील महामार्गांवरून प्रवास करणाऱ्याला ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. पितळी पेला आणि त्याखालचा पसरट दवरा यांतून ती वाफाळती कॉफी समोर येते. या नावातील ‘डिग्री’ शब्दाच्या एकाहून अधिक व्युत्पत्ती सांगितल्या जातात. त्यांतली सर्वांत प्रचलित अशी की, दुधाची शुद्धता पाहण्यासाठी त्यात लॅक्टोमीटर, म्हणजे दुग्धमापी, सोडत; त्यावर ज्या दुधाची ‘डिग्री’ पुरेशी भरे, ते ‘डिग्रीचे दूध’ आणि त्याची कॉफी ती ‘डिग्री कॉफी’. महाराष्ट्रातील दूध संकलन केंद्रावर पहाटे बरणी घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘आज डिग्री कमी लागली’ हे वाक्य त्याच्या रोजच्या जमाखर्चातले आहे.

एक काचेची नळी दुधात सोडली, ती थोडी अधिक बुडाली की थोडी कमी, एवढ्यावर एका गावाची कीर्ती आणि एका शेतकऱ्याचे पैसे ठरतात. ते ज्या तत्त्वावर ठरतात, ते तत्त्व आठवीच्या विज्ञानात दोन-तीन परिच्छेदांत येते : घनता, प्लावक बल, दाब. परीक्षेत त्यावर व्याख्या विचारली जाते, एखादे उदाहरण सोडवायला येते, आणि पाठ संपतो. पाठ संपल्यावर मुलाच्या मनात नेमके काय उरते, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे.

अडचण कोठे आहे?

शाळेत येण्यापूर्वीच प्रत्येक मुलाने तरंगण्या-बुडण्याचा एक नियम स्वतः बनवलेला असतो : जड वस्तू बुडते, हलकी तरंगते. हा नियम कोणी शिकवलेला नसतो. दगड बुडताना आणि पान तरंगताना पाहून तो मनात रुजलेला असतो, म्हणून तो पक्का असतो. त्यावर ‘वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता’ ही व्याख्या पाठ करून घेतली, तर जुना नियम जात नाही. पाण्यावर तेल राहावे तशी व्याख्या त्याच्यावर तरंगत राहते. आर्किमिडीजचे तत्त्व शब्दश: लिहून पूर्ण गुण मिळवणारे मूलही ‘एवढे मोठे लोखंडी जहाज कसे तरंगते?’ या प्रश्नाशी अडखळते, याचे कारण हेच.

हा जुना नियम सांगून जात नाही. तो स्वत:च्या डोळ्यांसमोर चुकावा लागतो. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक पाण्याने भरलेले घंगाळ किंवा टब, एक पाच किलोचे कलिंगड आणि एक द्राक्ष पुरते. आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा आणि त्यापुढे कारणही लिहायचे. मग कलिंगड पाण्यात सोडायचे. ते तरंगते. द्राक्ष सोडायचे. ते तळाशी जाते. वर्गात क्षणभर जी शांतता पसरते, ती विज्ञानाच्या तासाची खरी सुरुवात होय. आता ‘जड’ हा शब्द अपुरा आहे, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. कशाच्या मानाने जड, हा प्रश्न तेच विचारते.

यानंतर एक बटाटा साध्या पाण्यात सोडला की तो बुडतो. त्याच पाण्यात मीठ विरघळवीत गेले की एका क्षणी तोच बटाटा हळूहळू वर येतो. बटाटा बदललेला नाही. पाणी बदलले आहे. तरंगणे हा केवळ वस्तूचा गुण नसून वस्तू आणि द्रव यांच्यातील नाते आहे, ही गोष्ट या एका कृतीतून जितकी स्पष्ट होते, तितकी फळ्यावरच्या दहा ओळींनी होत नाही.

या क्रमाला महत्त्व आहे : आधी अंदाज, मग कृती, मग कारण. क्रम उलटला, म्हणजे शिक्षकाने आधी तत्त्व सांगून मग ‘पाहा, तसेच झाले’ असे दाखवले, तर तो प्रयोग राहत नाही; ते प्रात्यक्षिक होते. टाळ्या मिळतात, पण मुलाचा जुना नियम जेथे होता तेथेच राहतो.

स्ट्रॉचा दुग्धमापी

आता कुंभकोणमच्या त्या नळीकडे वळता येईल. वर्गात दुग्धमापी तयार करता येतो. शीतपेयाची एक प्लॅस्टिकची स्ट्रॉ घ्यायची, तिचे एक टोक मेणाने बंद करायचे, आत बारीक छर्रे टाकायचे, म्हणजे ती पाण्यात उभी राहते. पाण्याच्या पातळीशी खूण करायची. मग ती मिठाच्या पाण्यात सोडायची. ती वर उचलली जाते. गोडेतेलात सोडायची, ती खोल जाते. द्रव जितका दाट, तितकी कमी बुडी. तरंगणारी वस्तू स्वत:च्या वजनाइतका द्रव बाजूला सारते. दाट द्रव थोडाच सारला तरी वजन भरते. आर्किमिडीजचे तत्त्व येथे मुलांच्या बोटांत उभे असते.

खरी गंमत पुढे आहे. समजा, ही स्ट्रॉ पाण्यात १० सेंटिमीटर बुडते. चांगल्या गाईच्या दुधाची घनता पाण्याच्या सुमारे १.०३ पट असते. मग दुधात ती सुमारे ९.७ सेंटिमीटर बुडेल. फरक केवळ ३ मिलिमीटर. त्या दुधात पाचवा हिस्सा पाणी मिसळले, तर घनता १.०२४ होते आणि स्ट्रॉ आणखी अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम अधिक खाली जाते. एवढा फरक डोळ्यांना दिसणार कसा? मुले हिरमुसतात. येथे शिक्षकाने घाई करू नये. प्रयोगशाळेतला काचेचा दुग्धमापी त्यांच्या हाती द्यावा आणि विचारावे, की याचा खालचा भाग इतका फुगीर आणि वरची दांडी इतकी बारीक का केली असेल? थोड्या वेळाने एखादे मूल सांगतेच, की दांडी बारीक असेल तर थोडासा द्रव अधिक सारायलाही ती बरीच खाली जावी लागेल, म्हणून फरक मोठा दिसेल. उपकरणाची रचना मुलाने स्वत:च्या अपयशातून शोधून काढली. ही समज पुस्तकातील आकृतीला नावे देऊन येत नाही.

मग काचेच्या दुग्धमापीने मोजमाप सुरू होते. त्यावरील ३० चा आकडा म्हणजे घनता १.०३०. गाईच्या दुधाचे माप साधारण २८ ते ३२ च्या दरम्यान येते. ९ भाग दुधात १ भाग पाणी घातले, की ३० चे माप २७ वर येते. ४ भाग दुधात १ भाग पाणी घातले, की २४ वर. मुले आलेख काढतात, आणि दुधात किती पाणी आहे हे आलेखावरून सांगण्याचा खेळ रंगतो.

येथेच एक प्रश्न मुद्दाम विचारायचा असतो : माप ३० आले, म्हणजे दूध शुद्ध आहे, असे म्हणता येईल का? वर्ग एकमुखाने ‘हो’ म्हणतो. मग साय पूर्ण काढलेले दूध मोजायचे. त्याचे माप ३५-३६ च्या आसपास जाते. स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. तो निघून गेला की उरलेले दूध अधिक दाट होते. आता त्यात बेताने पाणी घालायचे. माप पुन्हा ३० वर येते. सायही गेली, पाणीही पडले, आणि नळी म्हणते, सर्व ठीक आहे.

नळी खोटे बोलली का? मुळीच नाही. तिला घनता विचारली, तिने घनता सांगितली. शुद्धता तिला कोणी विचारलीच नव्हती. ती आपण गृहीत धरली. म्हणूनच संकलन केंद्रावर डिग्रीच्या जोडीला फॅटही मोजतात आणि दोन्हींवर दर ठरतो. नुकतेच काढलेले, कोमट व फेसाळ दूध मोजले तर माप कमी भरते, म्हणून दूध स्थिर होऊ द्यावे लागते आणि तापमानही पाहावे लागते. ज्या मुलाने हे स्वत:च्या हाताने केले, ते मूल उद्या कोणताही आकडा ऐकल्यावर ‘हा आकडा नेमके काय मोजतो?’ असे विचारील. विज्ञान शिकवण्याचे याहून मोठे प्रयोजन दुसरे कोणते असेल?

मेण आणि पंचधातू

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर स्वामिमलै हे गाव आहे. चोळकालीन परंपरेतील पंचधातूच्या मूर्ती आजही तेथे घडतात. आधी मूर्तीची प्रतिकृती मेणात करतात. तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे थर देतात. साचा तापवला की मेण वितळून बाहेर जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. ओतणे एकदाच असते. रस कमी पडला, तर मूर्ती अपुरी राहून सारा श्रम वाया जातो. म्हणून किती धातू वितळवायचा, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरवण्याची रीत साधी आहे : मेणाची प्रतिकृती तोलायची आणि तिच्या वजनाच्या कित्येक पट, साधारण आठ-नऊ पट, धातू घ्यायचा, वाटांत अडकणाऱ्या रसासाठी थोडा अधिक.

ही पट कोठून आली? मेणाची घनता पाण्याहून किंचित कमी, काशासारख्या मिश्रधातूची पाण्याच्या साडेआठ-नऊ पट. पोकळी तीच, म्हणजे आकारमान तेच. मग वजनांचे गुणोत्तर हेच घनतांचे गुणोत्तर. पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवणाऱ्या स्थपतींना हे सूत्राच्या रूपात कोणी दिले नव्हते. ते त्यांच्या हाताला ठाऊक होते.

वर्गात याची छोटी आवृत्ती सहज होते. एक मेणबत्तीचा तुकडा आणि एक पितळी घुंगरू किंवा वजनाचे पितळी माप घ्यायचे. दोन्ही तोलायचे. मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून बाहेर सांडलेले पाणी मोजनळीत मोजायचे. मेण तरंगते, म्हणून मुले गोंधळतात. शेवटी कोणीतरी सुईने ते पाण्याखाली दाबून धरते. घुंगरू पोकळ, म्हणून त्याचा आकडा विचित्र येतो, आणि ‘आतल्या हवेचे काय?’ असा प्रश्न निघतो. असे अडथळे टाळायचे नसतात. त्यांच्यासाठीच तास असतो.

प्लावक बल मोजायला ताणकाटा पुरतो. समजा, एक दगड हवेत २९० ग्रॅम भरला आणि पाण्यात बुडवून धरल्यावर १९० ग्रॅम. शंभर ग्रॅम कोठे गेले? सांडलेले पाणी तोलले, तर ते शंभर ग्रॅमच भरते. आर्किमिडीज आणि राजाच्या मुकुटाची कथा प्रत्येक मूल ऐकते. परंतु १५८६ मध्ये तरुण गॅलिलिओने एक छोटी तराजू वर्णिली होती आणि आर्किमिडीजने पाणी सांडून नव्हे, तर पाण्यात तोलून निर्णय केला असावा, असे म्हटले होते. मुलांनी दोन्ही रीती करून पाहाव्यात आणि कोणत्या रीतीत चूक कमी होते, हे स्वत: ठरवावे.

घटिकापात्र आणि बाटलीची तीन छिद्रे

पितळ पाण्याच्या साडेआठ पट दाट, तरी कुंभकोणमचा पितळी दवरा पाण्यावर नावेसारखा तरंगतो. चिकणमातीची गोळी बुडते. तीच मातीची गोळी वाटीसारखी पसरली की तरंगते आणि वर चिंचोक्यांचा भारही वाहते. कोणाच्या नावेत अधिक चिंचोके मावतात, ही स्पर्धा मुलांना आकारमान आणि प्लावक बल यांचा संबंध न सांगता शिकवते.

तरंगणारे भांडे बुडते कसे, याचे एक सुंदर उपकरण मराठी घरांत लग्नाच्या मुहूर्तासाठी होते : घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर सोडत. पाणी हळूहळू आत शिरे आणि २४ मिनिटांनी वाटी बुडे, घटका भरली. ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचार मुलांना ठाऊक असतो, त्यामागचे पाणी मात्र त्यांनी पाहिलेले नसते. पातळ पत्र्याच्या वाटीला छिद्र पाडून ती किती मिनिटांत बुडते, हे मोजायचे. छिद्र थोडे मोठे करून पुन्हा मोजायचे. पाणी वर का चढते, असे विचारायचे. बाहेरची पातळी आतल्या पातळीपेक्षा उंच आहे, म्हणून छिद्रापाशी बाहेरचा दाब अधिक आहे. तरंगणे आणि दाब ही दोन प्रकरणे पुस्तकात वेगळी असली, तरी पाण्यात ती एकच आहेत : बुडालेल्या वस्तूच्या तळावर दाब अधिक, माथ्यावर कमी, आणि या दोहोंतील फरक हेच प्लावक बल. हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून तो बादलीत बुडवला, तर पिशवी चहूकडून हाताला चिकटते. दाब सर्व दिशांनी असतो, हे कातडीला समजते.

दाब खोलीबरोबर वाढतो, हे दाखवण्यासाठी बाटलीला तीन छिद्रे पाडण्याचा प्रयोग सर्वपरिचित आहे. अनेक पुस्तकांतील चित्रांत सर्वांत खालच्या छिद्राची धार सर्वांत दूर पडलेली दाखवतात. मूल हा प्रयोग खरोखर करते, आणि बाटली टेबलावर ठेवलेली असेल, तर तसे घडत नाही. पाण्याची उंची २० सेंटिमीटर आणि छिद्रे तळापासून ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर असतील, तर गणिताप्रमाणे मधली धार सर्वांत दूर, सुमारे २० सेंटिमीटरवर पडते; वरची आणि खालची या दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी, सुमारे १७ सेंटिमीटरवर पडतात. प्रत्यक्षात घर्षणामुळे आकडे थोडे कमी येतात, पण क्रम हाच राहतो.

आता शिक्षकासमोर दोन वाटा असतात. ‘तुझ्या हातून काहीतरी चुकले, पुस्तकात दिले आहे ते लिही’ ही एक वाट. ती सोपी आहे, तास वेळेवर संपतो आणि परीक्षेतील उत्तरही जुळते. परंतु त्या दिवशी मुलाने पाण्याविषयी काही शिकले नाही. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, एवढेच ते शिकले. दुसरी वाट थोडी लांब आहे. खालच्या छिद्रातून पाणी सर्वांत जोराने निघते, हे खरे. पण त्याला जमिनीवर पडायला वेळच थोडा मिळतो. वरच्या धारेला वेळ भरपूर, पण जोर कमी. मग बाटली ४० सेंटिमीटर उंच स्टुलावर ठेवायची आणि पाणी खाली जमिनीवर पडू द्यायचे. आता खालची धार खरोखरच सर्वांत दूर जाते. चित्र पूर्ण चूक नव्हते. त्यात बाटली कोठे ठेवली, हे सांगायचे राहिले होते. वर्गात पाणी वरून ओतत पातळी कायम ठेवणारे एक मूल, पट्टी धरणारे दुसरे, नोंद घेणारे तिसरे. या अर्ध्या तासात दाब, वेग आणि पडण्याचा काळ ही तिन्ही एकत्र समजतात.

त्याच तासाला कोयनेचे धरण आठवावे. त्याची उंची १०३ मीटर. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब जवळजवळ एका वातावरणाएवढा वाढतो. धरणाची भिंत पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद का, याचे उत्तर बाटलीच्या तीन धारांतून मिळते.

या साऱ्या संकल्पना एकत्र आणणारी एक कृती शेवटासाठी राखून ठेवावी. पारदर्शक पेनाच्या टोपणाला थोडी माती लावून ते पाण्याने भरलेल्या बाटलीत जेमतेम तरंगेल असे सोडायचे आणि झाकण घट्ट लावायचे. बाटली दाबली की टोपण खाली जाते, सोडली की वर येते. दाबाने टोपणातील हवा आकसते, आत पाणी शिरते, सरासरी घनता वाढते आणि वजन प्लावक बलावर मात करते. कोणतेही वाक्य पाठ न करता मूल घनता, प्लावक बल आणि दाब हे तिन्ही शब्द एका दमात योग्य जागी वापरते, तेव्हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.

भाषेचा प्रश्न

या ठिकाणी मराठी माध्यमाविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण अनेक पालकांच्या मनात विज्ञान आणि मराठी यांच्याबद्दल शंका असते. घनता हा शब्द ‘घन’ आणि ‘घनदाट’ यांच्या घरचा आहे. दाब हा शब्द मुलाच्या अंगाला ठाऊक असतो. उशी दाबताना, ऊस चावताना तो त्याने अनुभवलेला असतो. संज्ञा ओळखीची असली, की मुलाचे सारे लक्ष पाण्याकडे राहते. पुढे त्या संज्ञांची इंग्रजी नावे शिकायला एक आठवडा पुरतो; न समजलेली संकल्पना मात्र कोणत्याच भाषेत समजत नाही.

कावेरीकाठी हे दोनशे वर्षांपूर्वी घडलेले आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी आपल्या विद्यालयात वेदशास्त्रांबरोबर भाषा, विज्ञाने आणि कलाकौशल्ये शिकवण्याची व्यवस्था केली. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणारी भटकी स्त्री जगाचा भूगोल वर्णन करते. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ प्रदेशात, नवे जग मराठीत सांगता येते असा विश्वास त्या राजाला होता. तो विश्वास महाराष्ट्रातील मराठी शाळेने गमावण्याचे कारण नाही.

गुणांचे काय?

पालकांचा दुसरा प्रश्न सरळ असतो आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे : या कृतींनी गुण वाढतात का? पाठांतर लवकर फळ देते आणि लवकर विसरते. कृतीला तास अधिक लागतात. अभ्यासक्रम मोठा असतो. हा ताण खरा आहे आणि तो प्रत्येक शिक्षक सोसतो. म्हणून सर्व पाठ कृतीने शिकवता येणार नाहीत. परंतु ज्या पाठात मुलाच्या मनात आधीच एक चुकीचा नियम बसलेला आहे, तेथे कृतीला पर्याय नाही. घनता हा तसा पाठ आहे.

कुंभकोणमच्याच टाउन हायस्कुलात शिकलेल्या श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण या संदर्भात विचार करायला लावते. १९०३ मध्ये त्यांच्या हाती कार यांचा सूत्रसंग्रह आला. त्यात हजारो निष्पत्ती होत्या, सिद्धता मात्र फारशा नव्हत्या. रामानुजन यांनी ती सूत्रे पाठ करून ठेवली असती, तर जगाला त्यांचे नाव कळले नसते. त्यांनी एकेक सूत्र पाटीवर स्वत: उभे केले, आणि तेथून पुढे गेले. त्यांची प्रयोगशाळा ती पाटी होती. अलौकिक बुद्धीच्या माणसालाही ‘करून पाहणे’ टाळता आले नाही. मग तेरा वर्षांच्या सामान्य मुलाकडून केवळ सूत्र ऐकून समजण्याची अपेक्षा कशी करावी?

अशा शिक्षणाची परंपराही आपल्या देशात आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतील शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच उपक्रमाशी जोडले गेलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी अशा टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी रचली आणि पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असंख्य मुलांसमोर ती मांडली. त्यांच्या कृती मराठीतही उपलब्ध आहेत. साधनांच्या अभावी प्रयोग होत नाहीत, हे कारण त्यांनी उरू दिलेले नाही.

पालकांनी घरी काय करावे? मुलाने स्वयंपाकघरात पाणी सांडले, तर आधी त्याने काय पाहिले ते विचारावे. घरी आलेले दूध मोजू द्यावे. ‘आज किती गुण मिळाले?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘आज तुझा कोणता अंदाज चुकला?’ हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकताना चेहऱ्यावर नाराजी येऊ देऊ नये. अंदाज चुकल्याचे निर्भयपणे सांगणारे मूल घडणे, हे शाळा आणि घर यांचे संयुक्त काम आहे.

माजी विद्यार्थ्यांकडून शाळेला नव्या इमारतीइतकीच एका गोष्टीची अपेक्षा असते : त्यांचा वेळ. त्यांच्यात दूध संघात काम करणारे आहेत, पाटबंधारे खात्यातले अभियंते आहेत, ओतकामाच्या कारखान्यात राबणारे आहेत, गोदीत नोकरी करणारे आहेत. यांतील प्रत्येकाच्या रोजच्या कामात घनता, प्लावक बल किंवा दाब आहे. वर्षातून एक तास त्यांनी वर्गात यावे, आपले उपकरण मुलांच्या हाती द्यावे आणि मुले विचारतील त्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर तसे सांगावे आणि मुलांबरोबर पाण्यात हात घालावा. साठ वर्षे या संस्थेने जे मिळवले, ते पुढच्या पिढीला देण्याचा याहून सोपा आणि याहून खरा मार्ग नाही.